नावं पडतानाचं गाणं

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या मास्तरांवर. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी तीनच्या खेळाला. जागा हुबळीतलीच एक टॉकीज. टॉकीजचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या मॅनेजरनं पुढे मला एक शब्द दिला आणि तो पाळला. शब्द पाळणाऱ्या माणसाला मी पत्रकात ओढत नाही. मास्तरांचंही नाव लिहीत नाही, पण ती त्यांचीच अट आहे. मला ती अजूनही पटलेली नाही.

मास्तर गुप्तहेरांच्या आणि मारेकऱ्यांच्या कन्नड सिनेमांची गाणी करायचे. सगळी नव्हेत, फक्त पहिलं. अंधार होतो, पडद्यावर नावं पडायला लागतात, ओल्या रस्त्यावरून कुणाचे तरी बूट चालत जातात, आणि एक बाई अगदी खालच्या आवाजात गायला लागते. तेवढंच गाणं मास्तरांचं. बागेतलं, बोटीतलं, क्लबातलं अशी बाकीची सगळी गाणी मद्रासचे नामांकित संगीतकार करायचे. त्यांना हसवता यायचं, नाचवता यायचं, रडवता तर फारच यायचं. माणसाच्या पाठीतून गार पाणी सोडायची वेळ आली की मात्र हुबळीला तार यायची आणि मास्तर एक पेटी, एक पिशवी आणि कापडाचं एक ठाण घेऊन गाडीत बसायचे. पडद्यावर नाव त्या संगीतकाराचं.

तर त्या शुक्रवारी मास्तरांच्या मते त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गाणं हुबळीत आलं, आणि हुबळीनं ते ऐकलं नाही. का ऐकलं नाही ते सांगायच्या आधी माणूस कसा होता, म्हणजे आहे, ते सांगायला पाहिजे.

मास्तर मूळचे हुबळीचे नव्हेत. एका मराठी नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. कंपनी हुबळीत मुक्कामाला आली तेव्हा पेटीचा भाता फाटला, म्हणून यांनी ती दुरुस्तीला टाकली. दुरुस्त करणारा माणूस कलावंत होता, म्हणजे वेळेवर काम न देणारा. कंपनी पुढच्या गावाला गेली, मास्तर पेटीसाठी मागे थांबले. ते साल छप्पन. पेटी हातात आली तोवर धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसुरात गेला होता आणि कंपनी मिरजेला जाऊन मोडली होती. मास्तर सांगायचे, "मी कुठं गेलोच नाही गं. मी जागेवरच होतो. सरकारच उठून गेलं." मग जागेवरच लग्न केलं. बायको हुबळीचीच, घरी कन्नड बोलणारी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. मास्तर मराठीत रागवायचे, अक्का कन्नडमध्ये उत्तर द्यायच्या, आणि भांडण फार वाढलं की दोघं एकमेकांची भाषा घ्यायचे. ते ऐकायला आमच्या गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बसायची.

आमचं घर भिंतीला भिंत लागून. माझे अप्पा रेल्वे वर्कशॉपात. मी पत्रकं लिहिते. नळाला पाणी नाही, पत्रक. वसतिगृहातला भात कच्चा, पत्रक. बुद्धविहारात एक सायक्लोस्टाईल यंत्र आहे, त्याच्या शाईनं माझी बोटं कायम काळी. मास्तर मला पुढारीणबाई म्हणतात. कॉलेजात गेल्यावर मला जरा जास्तच शिंगं फुटली तेव्हा मी त्यांना तोंडावर विचारलं होतं.

"मास्तर, खुनाची गाणी कसली करता? देशात एवढे प्रश्न आहेत. गोरगरिबांवर गाणं करा की."

"गोरगरिबांसाठीच करतो."

"मारेकऱ्यांची?"

"पुढारीणबाई, गरिबाच्या वाट्याला कसली भीती येते? मुकादमाची, पोलिसाची, नाहीतर घरमालकाची. सगळी हलक्या प्रतीची. एक दुपार त्याला चांगल्या प्रतीची भीती मिळू दे की. अंधारात बसून, पाय वर घेऊन, उगाचची. ती काय श्रीमंतांनीच घ्यायची?"

यावरचं उत्तर मी अजून शोधते आहे.

स्वतः मास्तर अतिशय भित्रे. पाल दिसली तर अक्कांना हाक मारणार. घरात कोंबडी कापायची असली की हे सकाळीच धारवाडात सप्तापूरला एका मित्राकडे निघून जाणार आणि रस्सा उकळायला लागला की बरोबर परत येणार. ज्या सिनेमांची गाणी केली त्यांतला एकही त्यांनी पुरता पाहिलेला नव्हता. नावं संपली की उठून बाहेर. "पुढं मारामारी असते," म्हणायचे. आणि आपल्याकडं नेमकी उलटी रीत. लोक तिकीट काढतात, मग बाहेर चुरमुऱ्यांचं गिरमिट खातात, पान लावतात, गावाकडून आलेल्या माणसाची चौकशी करतात, आणि नायक पडद्यावर यायच्या बेतात आत शिरतात. नावं काय वाचायची आहेत? त्यामुळे वर्षानुवर्षं असं व्हायचं की लोंढा आत शिरतोय आणि त्याच दारातून मास्तर एकटे बाहेर पडताहेत. गेटकीपर त्यांना ओळखायचा. त्याला वाटायचं, या माणसाला सिनेमे आवडत नाहीत, तरी बिचारा परत परत येतो.

खुन्याबद्दल मास्तरांचे सिद्धांत होते. पहिला सिद्धांत, खुनी धावत नाही. "धावतो तो चोर. खुन्याला घाई नसते, त्याला आपलं काम येत असतं." म्हणून गाण्याची लय चालण्याची पाहिजे. आता कुणाच्या चालण्याची? मास्तर दाजीबानपेठेत जाऊन लोकांच्या मागून चालायचे. पसंत पडायचं नाही. गिऱ्हाईक रेंगाळतं, हमाल वाकलेला, कॉलेजातली पोरं तर चालतच नाहीत, वाहतात. शेवटी एक माणूस सापडला. कापडाचे घाऊक व्यापारी, अंगानं भारी, आणि पाऊल असं टाकायचे की मनात काहीतरी पक्कं ठरलेलं आहे. बहुधा जेवणच ठरलेलं असायचं, पण मास्तरांना तेच पाहिजे होतं.

झालं. शेट दुकानातून निघाले की मास्तर मागे. शेट बँकेत, मास्तर बँकेच्या पायरीशी. शेट देवळात, मास्तर चपलांपाशी. एक हात मांडीवर ठेका धरून, डोळे शेटच्या टाचांवर. चार-आठ दिवस हे चाललं आणि पेठेत बातमी पसरली की विक्रीकर खात्याचा माणूस साध्या कपड्यांत आलाय. मास्तर कोपऱ्यावर दिसले की दुकानांचे दरवाजे अर्धे खाली यायला लागले. एका दुकानदारानं तर त्यांना बघून आपल्या नफ्याबद्दल मोठ्यानं रडायला सुरुवात केली. अखेर शेटनीच त्यांना गादीवर बोलावलं, चहा मागवला, आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, काय असंल ते बोलून टाका."

"तुमचं चालणं बघतोय," मास्तर म्हणाले.

"कशासाठी?"

"खुनासाठी."

शेटचा कप ओठापाशी गेला तो तिथंच राहिला. मास्तरांना वाटलं, नीट समजलं नसेल. म्हणून त्यांनी समजावलं, "तुम्ही घाबरू नका. खून मद्रासला व्हायचाय."

पुढचा गोंधळ निस्तरायला अक्कांना पेठेत यावं लागलं. त्यांनी कन्नडमध्ये सगळं सांगितल्यावर शेट एवढे खूष झाले की त्यांनी दुकान रिकामं करवून मास्तरांसाठी इकडून तिकडे चालून दाखवलं. मास्तरांनी जरा वेळ बघितलं आणि कपाळाला हात लावला. "गेलं! तुम्हाला कळलं की मी बघतोय. आता तुम्ही नवरदेवासारखे चालताय."

शेटचं चालणं बिघडलं ते कायमचं, पण त्या दुकानात मास्तरांना दुसरं रत्न सापडलं. ते वाद मिटवून उठत होते तेवढ्यात गड्यानं गिऱ्हाइकासाठी मांजरपाट फाडलं. आधी कात्रीनं चिमूटभर छेद, मग दोन्ही हातांनी एकदम. मास्तर तसेच उभे राहिले. "परत फाड," म्हणाले. गड्यानं शेटकडे बघितलं. शेट म्हणाले, "फाड रे, साहेबांचं काम आहे."

तेव्हापासून मास्तरांच्या गाण्यांत सुरी नाही, पिस्तूल नाही, किंकाळी नाही. जिथं खून व्हायचा तिथं मांजरपाट फाटतं. त्यांनी सगळी कापडं फाडून बघितली होती. मलमल कुजबुजते, खादी कुरकुरते, लाँगक्लॉथ बरं, पण मांजरपाटासारखं सरळ आणि निर्दय काही नाही. टेरिलिनवर त्यांचा फार राग. "ते फाटतच नाही. माणसं असले सदरे घालायला लागली की गाण्यात खून करायचा कसा?" मद्रासला जाताना ठाण इथूनच न्यायचे, तिथल्या कापडावर विश्वास नव्हता. आणि फाडलेले तुकडे परत आणायचे. अक्का त्यांच्या उश्यांना खोळी शिवायच्या. आम्हा पोरींना अक्कांनी एकदा गंभीरपणे सगळ्या उश्या दाखवल्या होत्या. "ही वकिलाची. ही परदेशी हेराची. हिच्यावर डोकं ठेवू नको, हिचा खुनी सापडलाच नाही."

दुसरा सिद्धांत शब्दांचा. मास्तर म्हणायचे, "खुनाच्या गाण्यात खून हा शब्द आला की ऐकणारा निर्धास्त होतो. त्याला वाटतं, चला, सांगून तरी टाकलं." मद्रासचे कवी रक्त, मरण, काळरात्र असलं काय काय लिहून द्यायचे आणि मास्तर ते सगळं खोडायचे. त्या शेवटच्या सिनेमाच्या वेळी तर ते हटूनच बसले. ध्रुवपदाला आमच्या हुबळीच्या घराघरांत दिवेलागणीला ऐकू येणारं वाक्य घातलं. 'बागला हाक्को, यारो बंदार.' दार लावून घे, कुणीतरी आलंय. बस, एवढंच. आई मुलीला सांगते तसं. गाणाऱ्या बाईंना सांगितलं, भिववू नका, काळजीनं म्हणा. कवीचं म्हणणं, ही धारवाडकडची बोली, गाण्यात शोभत नाही. बाई म्हणाल्या, मला तर घाम फुटला, हेच गाणार. अशी आमच्या गल्लीतली बोली मोठ्या पडद्यावर गेली. माझ्या माहितीत तरी पहिल्यांदाच.

आणि ते गाणं मास्तरांनी ऐकलेलं नव्हतं. ही गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही म्हणून ठळक लिहिते. ज्यानं केलं त्यानं ऐकलं नव्हतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मांजरपाट फाडायला दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालायचा नाही. म्हणून त्यांना वेगळ्या मायक्रोफोनपाशी, लाकडी आडोशामागे उभं करत. तिथून फक्त वाद्यवृंद चालवणाऱ्याचा हात दिसायचा. हात खाली आला की फाड. बाईंचा आवाज, व्हायोलिनं, सगळं आडोशाच्या पलीकडे. काम झालं की पुढच्या गाण्याची माणसं आत, मास्तर बाहेर, आणि संध्याकाळची गाडी. बरं, तबकडीवर ऐकावं तर तबकड्या बागेतल्या गाण्यांच्या निघतात. नावं पडतानाचं गाणं कुणी तबकडीवर काढत नाही, रेडिओवर लावत नाही. ते फक्त टॉकीजमध्ये असतं.

त्यात मास्तरांचा कान. डावा कान नाटक कंपनीतच गेला, कॉर्नेट फुंकणाऱ्याच्या शेजारी बसून बसून. उजवा होता. पण गेल्या वर्षापासून तोही लहर बघून वागायला लागला. डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं की हा राहायचा नाही. मास्तरांना कुणी सांगितलं नाही, पण ते त्यांना माहीत होतं. मला म्हणाले, "उजवा आता भाडेकरूसारखा झालाय. कधी घरात असतो, कधी नसतो. सामान बांधायला घेतलंय त्यानं." मग म्हणाले, "तो आहे तोवर एकदा ते गाणं पुरतं ऐकायचंय. माझंच आहे म्हणून नव्हे. बाईंनी कसं म्हटलंय तेच मला माहीत नाही गं."

तर शुक्रवार. मास्तर, अक्का आणि मी घंटेच्या बऱ्याच आधी जाऊन बसलो. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता आणि उजवा कान पडद्याकडे करून खुर्चीत आडवे बसले होते, तोंड आमच्याकडे. घंटा झाली. दिवे गेले नाहीत. दारं लागली नाहीत. उन्हाचे पट्टे पार पडद्यापर्यंत. नावं पडायला लागली, ती उन्हात दिसेनात. लोंढा आत शिरला. "ए ईरप्पा, इकडं! इकडं जागा धरलीया!" "पाय काढा की हो!" "कुणाचं पोर रडतंय?" शेंगांची टरफलं, बॅटरीचा झोत, पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडण. मधूनच त्या बाईंचा आवाज एखाद्या धाग्यासारखा यायचा आणि तुटायचा. मास्तरांनी तळहात कानामागे धरला होता. गाणं संपलं, दिवे गेले, दारं लागली, नायक आला, शिट्ट्या झाल्या. मास्तर उठले आणि बाहेर गेले. रीतीप्रमाणेच गेले, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं.

शनिवारी मी परत गेले. गाणंच नाही! सिनेमा थेट नायकाच्या मोटारीपासून सुरू. मी मॅनेजरच्या खोलीत शिरले.

"गाणं कुठं गेलं?"

"कुठलं गाणं, तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण.

"नावं पडतानाचं."

"हां, ते. गणपतीची गर्दी अजून ओसरली नाही, एक खेळ वाढवलाय. वेळ बसत नाही. ते कोण ऐकतंय?"

"आम्ही ऐकतोय!"

"तुम्ही किती?"

"तीन."

मॅनेजर हसला नाही, याचं श्रेय मी त्याला देते. मला दारापाशी घेऊन गेला. घंटा होऊन गेली होती आणि आत खुर्च्याच खुर्च्या. बाहेर मात्र गिरमिटच्या गाड्यापाशी सगळी हुबळी. म्हणाला, "मी कापून फेकलं नाहीये. डब्यात राखून ठेवलंय. घंटेच्या आधी माणसं खुर्चीत बसलेली दाखव, मी स्वतः दिवे मालवतो, स्वतः दारं लावतो, पहिल्या नावापासून सिनेमा चालवतो. बुधवारी तीनचा खेळ घे. गुरुवारनंतर सिनेमाच्या पेट्या गदगला जाणार."

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत उत्तम पत्रक. 'संगीतचोरांना जाब विचारा!' खाली मास्तरांचं नाव, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. मद्रासवाल्यांनी त्यांचं नाव पडद्यावरून कसं दडपलं याचा सगळा इतिहास. मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातली लेखणी घेतली आणि आपलं नाव खोडलं. मग इतिहास खोडला. मग मथळा.

"मास्तर! तुमच्यावर अन्याय झालाय!"

"झालाय. पण हा नव्हे."

"नाव चोरलं ना तुमचं?"

"अगं, नाव पडद्यावर येतं तेव्हा माणसं खुर्ची शोधत असतात. चोरलं तरी कुणाला कळतंय, लावलं तरी कुणाला कळतंय? त्या माणसाचं नाव आहे म्हणून सिनेमा हुबळीपर्यंत आला. माझं असतं तर तूसुद्धा आली नसतीस."

"मी आलेच असते."

"तू मोर्चा घेऊन आली असतीस. हे बघ, माझं नाव छापलंस की लोक मला बघायला येतील. माझ्यात बघण्यासारखं काय आहे? त्यांना म्हणावं, बसा आणि ऐका. नाव कुठंही घालायचं नाही. शपथ घे."

मी शपथबिपथ मानत नाही. शब्द दिला. पत्रकात उरलं ते एवढंच. बुधवारी तीनला या. घंटेआधी बसा. हुबळीच्या बोलीतलं गाणं ऐका. मला ते पत्रक वाटेना, लग्नपत्रिका वाटली. तरी वाटत फिरले. वर्कशॉपच्या फाटकाशी, कॉलेजात, नवनगरात ओळखीच्या घराघरांत, बुद्धविहारात. दाजीबानपेठेत शेटच्या दुकानात गठ्ठा ठेवला. नाव मी कुणाला सांगितलं नाही. शेटनी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला मास्तरांच्या नावासकट सांगितलं. "ते गाणं माझ्या पायांवरनं केलंय," असं सांगितलं. मांजरपाटाचं ठाण बाहेर मांडून सांगितलं.

बुधवारी दुपारी टॉकीज भरली. घंटेच्या आधी! गेटकीपर बावरून गेला, त्याला वाटलं खेळाची वेळ चुकली. वर्कशॉपातली माणसं, हमाल, कॉलेजच्या पोरी, कधी सिनेमाला न आलेल्या म्हाताऱ्या. मॅनेजरनं शब्द पाळला, स्वतः फिरून एकेक दार लावलं. घंटा. दिवे गेले. अंधार असा की माझ्या शेजारच्या पोरीनं माझा हात धरला. ओला रस्ता. बूट. एक खालचा, लांब सूर. शेटच्या पावलांची लय, खरी, बिघडायच्या आधीची. आणि मग पहिल्यांदा मांजरपाट फाटलं.

"आपलं हाय रे ते!" मागच्या रांगेतून शेटचा गडी ओरडला. "आपल्या दुकानातलं!"

झालं. एक शिट्टी. दुसरी. पेठेतल्या सगळ्यांनी टाळ्या सुरू केल्या. वर्कशॉपवाल्यांना वाटलं आपण मागे राहतो, त्यांनी मास्तरांच्या नावाचा जयजयकार केला. कॉलेजच्या पोरींनी त्याला साथ दिली. कुणी पागोटं उडवलं. 'बागला हाक्को' ऐकू आलं तशी म्हाताऱ्यांनी, "अय्य, आपली भाषा!" म्हणून एकमेकींना हलवायला सुरुवात केली आणि ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांना मोठ्यानं समजावून सांगितलं. मी खुर्चीवर उभी राहिले आणि ओरडले, "गप्प बसा! सुम्न कुंदर्री! गाणं ऐका!" लोकांना वाटलं ही घोषणा आहे. त्यांनी ती उचलली. अख्खी टॉकीज एका सुरात ओरडायला लागली, गाणं ऐका, गाणं ऐका. पडद्यावर नावं पडत होती. शेवटचं नाव पडलं. नायकाची मोटार आली, आणि सगळे चिडीचूप झाले. पुढचे अडीच तास टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. त्या भिकार सिनेमासाठी!

मध्यंतरात मास्तरांना हार घातला. त्यांनी खाली वाकून तो घेतला, सगळ्यांना नमस्कार केला. त्या दिवशी ते शेवटपर्यंत बसले. मारामारी आली तेव्हा डोळे मिटले.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेले. अक्का म्हणाल्या, "सगळ्यांत मोठा आवाज तुझाच होता गं." मास्तर हसले.

"पुढारीणबाई, सभा झकास झाली."

"आणि गाणं?"

"शेवटचं फाडणं ऐकू आलं. कापड चांगलं निघालं." मग म्हणाले, "लोकांनी जीव लावला गं. जीव लावणाऱ्याला गप्प बस कसं म्हणायचं?"

मी म्हणते, म्हणायचं. तोंडावर म्हणायचं. कौतुक ही काही माफी नव्हे. ज्याच्या गाण्यावरून तुम्ही शिट्ट्या मारता त्याला स्वतःचं गाणं ऐकू देत नाही, तर तुम्ही त्याचा मान करत नाही, आपली हौस भागवता. शुक्रवारी ज्यांनी गोंधळ घातला त्यांना निदान गाणं कुणाचं ते माहीत नव्हतं. बुधवारवाल्यांना माहीत होतं. शुक्रवारच्या लोकांवर माझा राग होता, बुधवारच्यांवर जास्त आहे, आणि ते सगळे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनी हे वाचावं म्हणूनच लिहिते आहे.

मास्तर आता रेडिओ फार मोठा लावतात. भिंतीच्या अलीकडे मलाही शब्दन् शब्द ऐकू येतो. मद्रासहून बरेच दिवस तार आलेली नाही. तो सिनेमा गदग, हावेरी, राणेबेन्नूर असा फिरून परत आलाय आणि येत्या रविवारी धारवाडच्या टॉकीजला सकाळच्या खेळाला लागतोय. तिथल्या मॅनेजरशी मी बोलले आहे. गाणं डब्यात शाबूत आहे, दारं वेळेवर लागतील. अक्कांनी मास्तरांना यायला तयार केलंय. उजवा कान त्या दिवशी घरात असला तर ठीक, नसला तर त्याला कुणाचा इलाज नाही. पुढच्या फेरीला तो असणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे, विनंती वगैरे नव्हे. येणार असाल तर घंटेआधी या. गिरमिट नंतर खा. मास्तर कुठं बसलेत ते शोधू नका, हार आणू नका, बोली आपली आहे हे शेजारणीला हलवून सांगू नका. टाळी फारच आवरत नसेल तर घरी वाजवून या. दिवे गेले की तोंड मिटा, आणि शेवटचं नाव पडेपर्यंत मिटलेलं ठेवा.